नाव पडलं ते पडलं

खजुरी बाजारातून आणलेलं ते पुस्तक आता शिवणीतून सुटलंय. मधली चार पानं परवा गादीखाली सापडली. विषय: अचाट आणि विचित्र डायनोसॉर. पुस्तक इंग्रजी, वाचणारा मी आणि ऐकणारा सहा वर्षांचा नातू. त्यामुळे मजकूर माझ्या मराठीत आणि प्रश्न त्याच्या इंदुरीत. "आबा, हा काय खाऊन राहिलाय?"

साधासुधा डायनोसॉर त्याला चालत नाही. चार पाय, एक शेपटी, पाला खातो, एवढंच असेल तर "हा नॉर्मल आहे, पुढे चला." जे काही असेल ते सर्वात लांब, सर्वात जाड, सर्वात तीक्ष्ण हवं. आणि ते किती, हे सेंटिमीटरमध्ये सांगून भागत नाही. पुस्तकात मापासाठी शेजारी दुमजली बस काढलीय, पण आमच्या गल्लीत दुमजली बस कुठून यायची? मग घरातली मापं निघतात. थेरिझिनोसॉरसची नखं अर्धा मीटर होती. लाटणं ठेवून पाहिलं, कमी पडलं. शेवटी हिचा जिलबीचा मोठा झारा बरोब्बर बसला. (झारा परत जागेवर गेला नाही म्हणून बोलणी मात्र मी खाल्ली.) एवढी नखं, आणि खायचा काय, तर पाला. 1948 साली मंगोलियात ती पहिल्यांदा सापडली, तेव्हा शास्त्रज्ञांना हे एखादं अवाढव्य कासव वाटलं होतं. मामेन्चीसॉरसची मान 15 मीटर. म्हणजे धड आमच्या हॉलमध्ये ठेवलं तर मान गॅलरीतून निघून, गल्ली ओलांडून, थेट समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. "मग तो काकूंचे पोहे खाईल!" झाडावरचा पाला खाण्यापेक्षा त्याला हे जास्त पटलं.

मला स्वतःला नायजरसॉरसचा हेवा वाटतो. आफ्रिकेतल्या नायजर देशातला हा प्राणी, तोंड झाडूसारखं पुढून सपाट आणि रुंद, दात पाचशेच्या वर. साधारण दर चौदा दिवसांनी एकेका जागी नवा दात हजर. माझी वरची कवळी दुसऱ्यांदा घासून बसवून घेतल्यावर हे वाचायची वेळ यावी, याला काय म्हणावं!

पण आमचं पुस्तक ज्या पानाशी सर्वात जास्त फाटलंय, ते डायनोकायरसचं. 1965 साली गोबीच्या वाळवंटात पोलंड आणि मंगोलियाच्या शास्त्रज्ञांना दोन हात सापडले. एकेक हात 2.4 मीटरचा, टोकाला तीन-तीन नखं. बाकी प्राणी जवळजवळ नाहीच. 1970 मध्ये त्याचं नाव ठेवलं डायनोकायरस, म्हणजे 'भयंकर हात'. माझ्या मुलाच्या लहानपणीचं एक पुस्तक अजून माळ्यावर आहे. त्यात हे हात आहेत आणि हातांमागे नुसती काळी सावली. चित्रकाराने सावलीला दात मात्र भरपूर दिले होते. मुलगा ते पान उलटताना डोळे मिटून घ्यायचा. हातच असे, तर मालक कसा असेल!

मालक सापडायला पन्नासेक वर्षं गेली. नंतरच्या उत्खननांत धड मिळालं. डोकं आणि पाय मात्र चोरांनी आधीच उपटून विकले होते. ते युरोपात एका संग्राहकाकडे निघाले आणि मंगोलियाला परत मिळाले. 2014 मध्ये सगळं जुळवून पाहिलं, तर काय? पाठीवर उंट लाजेल असं कुबड, बदकासारखी चपटी चोच, तोंडात एकही दात नाही. पोटात अन्न दळायला गिळलेले चौदाशेवर गोटे, आणि त्यांत माशांचे अवशेष. भयंकर हात पाणथळ जागी पाला ओढत होते.

नातवाने ते चित्र पाहिलं आणि गादीवर लोळून हसला. "आबा, हा तर बदक आहे!" त्याच्या बापाने ज्याच्या भीतीने डोळे मिटले, त्यालाच. मी माळ्यावरचं पुस्तक काढून दोन्ही पानं शेजारी ठेवली. हात तेच. मला उगीचच आमच्या जुन्या वाड्यातले 'लंगडे मास्तर' आठवले. पाय मुरगळला म्हणून महिनाभर लंगडले असतील. पुढे तीस वर्षं ताठ चालले, पण जाईपर्यंत लंगडेच राहिले.

ओव्हिरॅप्टरचं तर याहून वाईट. 1923 मध्ये त्याचा सांगाडा अंड्यांच्या घरट्यावर मिळाला. अंडी दुसऱ्याची धरली गेली आणि पुढच्याच वर्षी नाव पडलं 'अंडीचोर'. सत्तर वर्षांनी तशाच एका अंड्यात पिल्लू सापडलं, ते याच्याच जातकुळीतलं. म्हणजे बिचारा स्वतःच्या घरट्यावर मेला होता. पण प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे पहिलं नाव बदलता येत नाही. नातवाने विचारलं, "सॉरी पण नाही म्हटलं?"

अंड्यांवरून मी त्याला घरचीच गोष्ट सांगितली, पुस्तकात नसलेली. आपल्या धारच्या पुढे, बाग-कुक्षीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात डायनोसॉरची घरटी आहेत. शास्त्रज्ञांनी 92 घरटी आणि 256 अंडी मोजली, 2023 मध्ये ते छापून आलं. लांब मानेच्या टायटनोसॉरची अंडी, पंधरा-सतरा सेंटिमीटरची. घरटी इतकी खेटून, की आई मधून चालली तर अंडी चिरडायची. बहुधा घालून निघूनच जात असणार. आणि पाडल्या गावाजवळच्या एका अंड्याच्या आत दुसरं अंडं निघालं. असं कधीकधी कोंबडीचं होतं, पण डायनोसॉरचं आधी कोणी पाहिलं नव्हतं.

"हे का नाही पुस्तकात? हे तर सर्वात विचित्र आहे!"

पुस्तक परदेशात छापलं, एवढंच मला सांगता आलं. मग त्याच पाडल्याची पुढची गोष्ट सांगितली. तिथले शेतकरी शेतात निघणारे हे गोल दगड वर्षानुवर्षं देव म्हणून मांडत होते. नाव काकर भैरव. काकर म्हणजे शेत, त्या शेताचा राखणदार. गुराढोरांवर संकट येऊ नये म्हणून नारळ वाढवायचे. दगड म्हणजे अंडी हे त्यांना मागाहून कळलं.

तो बराच वेळ गप्प होता. "म्हणजे यांनी पण नाव ठेवलं होतं. शास्त्रज्ञांच्या आधी."

"हो."

"मग पहिलं नाव बदलता येत नाही ना?"

मी नियमातल्या बारकाव्यांत शिरणार होतो, तेवढ्यात हिने जेवायला हाक मारली. जेवून आलो तर स्वारी गादीवर पालथी. सुट्या झालेल्या चार पानांतल्या एकाच्या कोऱ्या बाजूला वाटी ठेवून गोल काढलेला, त्याच्या आत लहान वाटीचा दुसरा गोल, बाजूला झाऱ्याएवढं नारळाचं झाड. खाली पेन्सिलीने, दाबून दाबून: काकर भेरव.

एक मात्रा राहिली होती. मी खोडरबर शोधला नाही. डिंक मात्र शोधला, आणि ते पान डायनोकायरसच्या पुढे चिकटवून टाकलं.