घराची पाठ आधी बघा : श्रूजबरीच्या जुन्या इमारती वाचण्याचा माझा अनुभव

इंग्लंडमधल्या जुन्या गावाचा इतिहास इमारतींवरून शोधायचा म्हटलं की पहिली चूक भर रस्त्यातच होते: दर्शनी भिंत बघून घराचं वय ठरवलं जातं. श्रॉपशर परगण्यातलं श्रूजबरी सेव्हर्न नदीच्या वळशात वसलंय. पुढे विटांची अठराव्या शतकातली नीटस भिंत आणि मागे तिच्याहून दोनशे वर्षं जुना ओकचा सांगाडा, ही जोडी इथे पावलोपावली भेटते. लाकडी घर जुनाट दिसायला लागलं, पण पाडून नवं बांधणं महाग, म्हणून मालकांनी फक्त तोंड बदललं. त्यामुळे मी सुरुवात बाजूच्या बोळातून करतो. या बोळांना इथे ‘शट’ म्हणतात.

त्याआधी तारीख पक्की असलेल्या दोन-तीन इमारतींवर डोळा तयार करावा. बुचर रो मधलं ॲबट्स हाउस 1450 च्या दशकातलं. त्याचं वय लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून काढलंय. हाय स्ट्रीटवरचं आयर्लंड्स मॅन्शन साधारण 1575 चं. चौकातल्या ओल्ड मार्केट हॉलवर 1596 कोरलेलंच आहे. वर कापडाचा व्यापार, खाली कमानींत धान्याचा बाजार. त्याच्या उत्तरेकडच्या खांबाजवळ भोकांच्या रांगा आहेत, त्या जवळ जाऊनच बघा. किती लोकर विकली याचा हिशेब या भोकांत खुंट्या सरकवून ठेवत. आणि उत्तरेकडच्या कमानीवरचा पुतळा मूळचा इथला नाही. तो 1791 मध्ये वेल्श ब्रिजच्या मनोऱ्यावरून इथे आणला. इमारतीवरची प्रत्येक वस्तू इमारतीच्याच वयाची असते असं नाही, हे इथेच मनात पक्कं होतं.

त्याच चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा 1860 चा पुतळा आहे. तो 1762 मध्ये या गावाचा मेयर होता. त्याच्या सहाच वर्षं आधी, फेब्रुवारी 1756 मध्ये, विजयदुर्गावर चालून गेलेल्या इंग्रजांच्या जमिनीवरच्या फौजेचा तो सेनापती होता आणि त्या स्वारीत आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठी माणसाने त्या पुतळ्यासमोर दोन मिनिटं थांबावं.

आता बोळातून काय बघायचं? वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला आहे का? बोळाच्या बाजूने तो पुढे आलेला आणि रस्त्याच्या बाजूने मात्र भिंत सरळसोट असेल, तर दर्शनी भाग नंतरचा. पुढच्या कठड्याआड उतरतं, तीव्र चढाचं छप्पर दडलंय का? खिडक्यांमधली अंतरं कमीजास्त आहेत का? असली तर आतले जुने खांब चुकवून खिडक्या बसवल्या आहेत. मग लाकूड. खऱ्या सांध्यात ओकच्या खुंट्या असतात, सुमारे पाऊण इंच जाडीच्या, किंचित वेड्यावाकड्या आणि काही थोड्या बाहेर आलेल्या. सांध्याशेजारी सुतारांनी जुळणीसाठी कोरलेले रोमन आकडेही दिसतात. खुंटी कुठेच नाही आणि काळ्या पट्ट्या एकसारख्या जाडीच्या आहेत, तर त्या बहुधा एकोणिसाव्या-विसाव्या शतकात भिंतीवर ठोकलेल्या फळ्या. काळ्या-पांढऱ्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. ओक काळा रंगवण्याची हौस बरीचशी व्हिक्टोरियन काळातली. त्याआधी तो उघडा राहून राखाडी पडे, नाहीतर त्यावर चुना फिरवत.

खिडकीचं स्वतःचं वय बरंचसं कळतं. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत वरच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना छोटी शिंगं असतील तर ती खिडकी साधारण 1840 नंतरची. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला, मोठ्या जड काचा आल्या आणि सांधा मजबूत करायला ही शिंगं लागली. बुजवलेली खिडकी दिसली की खिडकीकराचं, म्हणजे खिडक्या मोजून घेतल्या जाणाऱ्या कराचं, नाव घेतलं जातं. तो कर होता खरा, 1696 ते 1851. पण तो कोनाडा बाकी खिडक्यांच्या ओळीत अचूक बसत असेल आणि त्यामागे धुराडं असेल, तर तिथे खिडकी कधीच नव्हती. समोरून ओळ पूर्ण दिसावी म्हणून नुसता आकार ठेवलाय.

मग कागद. संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, पण तिथल्या जुन्या नोंदी कितीदा बाहेरून बघूनच लिहिलेल्या आहेत. तेवढ्यावर थांबू नका. आजपासून मागे जा. 1921 ची जनगणना खुली आहे. 1931 ची 1942 च्या आगीत जळाली, 1941 ची झालीच नाही, म्हणून मध्ये 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेली रहिवाशांची नोंद, वापरावं लागतं. नावानिशी नोंदी 1841 पर्यंत मागे जातात. सगळ्यात जास्त घोळ घरक्रमांकांचा होतो, कारण ते मध्येच बदललेले असतात. मी जवळची खानावळ किंवा कोपरा धरतो आणि जनगणना नोंदणारा ज्या वाटेने घरोघर गेला त्या वाटेने घरं मोजत जातो, सोबत एकोणिसाव्या शतकातला गावाचा मोठा नकाशा उघडा ठेवून.

त्याच्याही मागे जायचं तर मृत माणसाच्या सामानाच्या याद्या. सोळाव्या ते अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या बऱ्याच मिळतात, आणि कितीतरी खोलीवार लिहिलेल्या असतात. त्या तेव्हा चर्चकडे दाखल होत आणि श्रूजबरी लिचफिल्डच्या धर्मप्रांतात होतं, म्हणून त्यांचा शोध श्रॉपशर आर्काइव्ह्जमध्ये नव्हे, शेजारच्या स्टॅफर्डशर परगण्याच्या अभिलेखागारात घ्यावा लागतो. कागद आधी कळवून मागवून ठेवा आणि शिसपेन न्या. शाईचं पेन अभिलेखागारात चालत नाही. तारखांना फार जपा: 1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे ‘फेब्रुवारी 1689’ म्हणजे आपल्या हिशेबाने 1690. शब्दांनाही जपा. यादीतला ‘हॉल’ म्हणजे सभागृह नव्हे, घरातली मुख्य बसायची खोली. ‘चेंबर’ म्हणजे बहुतेकदा वरची खोली.

शेवटी ती यादी घेऊन घरात जायचं. आज तिथे दुकान असतं. गर्दी नसलेल्या सकाळी परवानगी मागितली तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. मान वर करून तुळईची खालची बाजू बघा. ओळीने रिकाम्या खाचा दिसल्या तर तिथे एकेकाळी लाकडी आडभिंत होती. खाचांची ओळ खोली जिथे दोन भागांत तोडते, तिथेच यादीतलं ‘दुकान’ संपून ‘हॉल’ सुरू होतो का, ते पावलांनी मोजून बघा.