रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी आलेला मेसेज

बाळंतपणानंतरचं वाढलेलं वजन कमी करण्यावर एक अभ्यास चालू आहे त्यात मी कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे नव्या आया शोधायच्या, त्यांना सगळं समजावून सांगायचं, संमतीपत्रावर सही घ्यायची आणि मग वर्षभर त्यांना टिकवून ठेवायचं. शोधणं एक वेळ जमतं हो. सहा आठवड्यांच्या तपासणीला, नाहीतर बाळाच्या लसीच्या दिवशी गाठलं की बऱ्याचजणी ऐकून घेतात आणि मनापासून हो म्हणतात. खरी कसोटी सहाव्या महिन्यात लागते, तोवर रजा संपलेली असते, बाळाचं वरचं खाणं सुरू झालेलं असतं, झोपेचं तर विचारूच नका, आणि त्यात आम्ही म्हणणार या, वजन करायचंय.

त्या दिवशी सकाळी माझ्यासमोर नऊजणींची यादी होती, सहा महिन्यांच्या व्हिजिटला न आलेल्या. आमचा नियम असा की तीन फोन आणि दोन मेसेज झाले आणि उत्तर नाही आलं, की 'संपर्क तुटला' असं नोंदवायचं. एकीचं सगळं करून झालेलं होतं. मी नोंद करणारच होते, पण त्याआधी मेसेज खरंच पोचलेत का बघावं म्हणून रिमाइंडर पाठवणाऱ्या सिस्टिममध्ये गेले. ते मेसेज आपोआप जातात. त्या नंबरवर उलट उत्तर येऊ शकतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे तिथे कधी कुणी बघितलंच नव्हतं. आणि तिथे तिचं उत्तर पडलेलं होतं, पाच आठवड्यांपूर्वीचं, रात्री तीन वाजून दहा मिनिटांचं. "मॅडम वजन वाढलंय. कमी झालं की येते."

संपर्क तिने तोडलाच नव्हता, उत्तर आमच्याकडून राहिलं होतं.

लगेच फोन केला, तिने कट केला. मग साधा मेसेज टाकला, वाढलं असलं तरी चालेल, आहे तेच मोजायचंय, मी घरी येऊ का. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "बाळ झोपलं की या."

वजनकाटा घेऊन गेले. काटा सतरंजीवर ठेवला तर आकडा हलतो, म्हणून सतरंजी गुंडाळून काटा फरशीवर ठेवला, शून्य तपासलं. बाळ तोवर उठलंच होतं आणि तिच्या खांद्यावर होतं, ते मी माझ्याकडे घेतलं. ती काट्यावर चढली आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. अभ्यासात आली तेव्हापेक्षा १.८ किलो जास्त. मी आकडा लिहीत होते तर ती म्हणाली, "ताई, हे लिहिणार तुम्ही? तुमचा अभ्यास खराब होईल ना माझ्यामुळे."

मला काही क्षण काही बोलताच येईना. मी इतके दिवस समजत होते की न येणाऱ्या बाईचा इंटरेस्ट गेलेला असतो. ही तर अभ्यासाचं नुकसान होऊ नये म्हणून लांब राहिली होती!

मग खाली बसून तिला सगळं नीट सांगितलं. ज्यांचं वजन कमी झालं त्याच आल्या तर आमचा कार्यक्रम कागदावर फार छान दिसेल आणि तो निकाल खोटा असेल. कार्यक्रम कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकून ठरवतात, आणि म्हणूनच चिठ्ठी ज्या गटाची निघाली त्या गटात प्रत्येकीला शेवटपर्यंत धरतात, तिने कार्यक्रम पाळो न पाळो. पण धरायला आकडा तर हवा. तुमचे हे १.८ किलो मला कमी झालेल्या वजनाइतकेच हवेत, असं मी म्हणाले आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मग नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली, एडिनबरा स्केल म्हणतात तिला, १० प्रश्न असतात, १९८७ पासून वापरात आहे. एकूण ३० गुण, आणि १३ किंवा जास्त आले की काळजीने बघायचं. तिचे १५ आले. स्वतःला इजा करण्याबद्दलचा दहावा प्रश्न मी दोनदा बघितला, तिथे शून्य होतं. तरी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिची दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवूनच निघाले. ती व्हिजिटला आली असती तर हे पाच आठवडे आधी कळलं असतं, ही गोष्ट मला अजून बोचते.

येताना मला ॲक्टिव्ह मदर्स पोस्टपार्टम या अमेरिकेतल्या अभ्यासाची आठवण येत होती. २००९ मध्ये त्याचा निकाल आला, ४५० आया, आहाराचे ८ वर्ग, व्यायामाचे १०, फोनवर सल्ला ६ वेळा, आणि शेवटी दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नाही, वर्गांना यायलाच अनेकींना जमलं नाही. उलट २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फिट मॉम्स अभ्यासात बराचसा कार्यक्रम इंटरनेट आणि मोबाइल मेसेजवरून आयांपर्यंत नेला, तिथे वर्षभरात सरासरी ३.२ किलो कमी झालं, दुसऱ्या गटात ०.९. हे वाचूनच आम्ही मेसेज ठेवले होते. फक्त समोरून कुणी काही बोललं तर ऐकायचं कुणी, हे ठरवायचं राहून गेलं.

परत आल्यावर आमच्या रिमाइंडरचं वाक्य पुन्हा वाचलं. 'तुमचं ध्येय विसरू नका, वजन करायला या.' हे मीच लिहिलेलं. रात्री तीनला बाळाला पाजताना ते वाचणाऱ्या बाईला काय वाटत असेल! ते काढलं आणि लिहिलं, 'वजन कमी, जास्त किंवा तेवढंच असलं तरी आम्हाला तुम्ही हव्या आहात. वेळ आणि जागा तुम्ही सांगा, आम्ही येऊ.' बदललेल्या वाक्याला, अभ्यासात आलेल्यांच्या हिताकडे बघणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी लागते, तो अर्ज त्याच दुपारी टाकला. आलेली उत्तरं रोज सकाळी वाचायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

मग यादीतल्या उरलेल्या आठजणींना फोन लावले, नेहमीसारखे अकराला नाही तर संध्याकाळी सातनंतर. तिघींनी उचलला. त्यातल्या दोघींनी मी काही विचारायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, वजन नाही ना कमी झालं."

फॉर्ममध्ये न येण्याची चार ठरलेली कारणं आहेत, रस नाही, वेळ नाही, गाव सोडलं, संपर्क तुटला, आणि शेवटी 'इतर'. मी तिघींच्याही पुढे 'इतर' केलं आणि त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं.