तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची स्लिप शोधताना

गाडी सात सीटर डिझेल एसयूव्ही, पुढची चाकं ओढणारी. टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) सहा गिअरचा ऑटोमॅटिक. चाळीसगावकडून कन्नडकडे औट्रम घाट चढताना तिसऱ्या गिअरला रेस एकदम वाढायची, पण गाडी ओढायची नाही. सपाटीवर फारसं काही कळत नव्हतं. अशा वेळी आधी इंजिन की गिअरबॉक्स, हे ठरवून टाकावं. आरपीएमच चढत नसेल तर टर्बोचा पाइप, डिझेल फिल्टर बघा. आरपीएम चढतो आणि वेगाचा काटा ऐंशीवरच राहतो, तर गिअरबॉक्स स्लिप होतोय.

स्कॅनरवर कोड निघाले पी०७३३ आणि पी०७३५, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्याचं गुणोत्तर चुकतंय. बरेच मेकॅनिक कोड वाचून थेट गिअरबॉक्स बदलायचं बोलतात. मी लाइव्ह डेटा लावून गाडी चढावर नेली. इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरमधलं, गिअरबॉक्सला फिरवणारं चाक) यांच्या फेऱ्यांत तफावत दिसली तर ती कन्व्हर्टरची, आणि लॉक-अप (दोघांना थेट जोडणारा क्लच) पूर्ण लागल्यावर ती जवळपास शून्य व्हायला हवी. टर्बाइन आणि आउटपुट (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या फेऱ्या) यांचा हिशोब चुकला तर आतला क्लच घसरतोय. या बॉक्समध्ये तिसऱ्याचं गुणोत्तर १.५५६ आहे. आउटपुट १५०० असताना टर्बाइन २३३४ च्या आसपास हवा. भार आला की तो २७०० दाखवत होता. दुसरा आणि चौथा गिअर मात्र अचूक.

मग उभ्या गाडीत न्यूट्रलमधून आर टाकून बघितलं. गिअर लागल्याचा हलका धक्का साधारण दीड सेकंदाच्या आत बसायला हवा, इथं तो चांगलाच उशिरा येत होता. या जातीच्या बॉक्समध्ये सी-१ क्लच पहिल्या ते चौथ्या गिअरला लागतो, सी-२ चौथ्या ते सहाव्याला आणि सी-३ तिसऱ्या, पाचव्या आणि रिव्हर्सला. तिन्ही तक्रारी सी-३ वर येऊन मिळाल्या. पंप किंवा एकूण प्रेशर गेलं असतं तर सगळेच गिअर रडले असते. त्यामुळे स्टॉल टेस्टची (ब्रेक दाबून, गिअर टाकून पूर्ण रेस देण्याची) गरज उरली नाही. ती करायचीच असेल तर पाच सेकंदांच्या वर नको, तेल भराभर तापतं.

आता तेल. याला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांत असताना लेव्हलचा बोल्ट काढायचा. तेल बारीक धारेनं येऊन थेंबांवर आलं की लेव्हल बरोबर. आपल्याकडे नेमकं हेच चुकतं. मे महिन्यात बीड-परभणीला हवाच ४२ अंशांवर जाते, दुपारी रॅम्पवर चढलेल्या गाडीचं तेल केव्हाच मर्यादेबाहेर गेलेलं असतं. फुगलेलं तेल बोल्टमधून जास्त वाहून जातं आणि बॉक्समध्ये कमी उरतं. या गाडीचं तेल भर उन्हाळ्यात, तापल्या गाडीवरच बदललेलं होतं. पहाटे तपासलं तर बोल्टमधून थेंबही आला नाही. जवळजवळ सव्वा लिटर भरावं लागलं. त्यानंतर रिव्हर्सचा उशीर कमी झाला, चढावरची स्लिप मात्र तशीच. म्हणजे क्लचप्लेटांवरचं घर्षणाचं लायनिंग आधीच जळलं होतं, आणि जळलेलं लायनिंग नव्या तेलानं परत येत नाही.

बॉक्सखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. तेल काळपट, जळका वास. मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज असते. इथं लेपात लायनिंगचे काळे कण होते. चकाकणारे तुकडे मिळाले असते तर प्लॅनेटरी गिअरचा किंवा बेअरिंगचा संशय घ्यावा लागला असता. सोलेनॉइड (तेलाचं प्रेशर सोडणारे विजेचे व्हॉल्व्ह) ओहममीटरवर पाच ओहमच्या आसपास, म्हणजे विजेच्या बाजूनं ठीक.

बॉक्स उतरवून उघडला. सी-३ च्या क्लचप्लेटांचं लायनिंग गेलेलं, स्टील प्लेटांवर निळे डाग, पिस्टनचं रबर कडक. अशा वेळी नुसत्या प्लेटा बदलून भागत नाही. पिस्टन आणि सीलिंग रिंगा तशाच ठेवल्या तर प्रेशर तिथूनच गळतं आणि नव्या प्लेटाही जळतात. प्लेटा-सीलचं किट काही हजारांत येतं, अख्खी असेंब्ली लाखांच्या घरात जाते. नव्या प्लेटा बसवण्याआधी किमान अर्धा तास त्याच तेलात भिजवल्या, फीलर गेजनं क्लिअरन्स मॅन्युअलच्या मापात आणला. मग क्लचच्या भोकातून तीन-चार बार हवा सोडली. पिस्टन ‘ठक्’ करून बसला पाहिजे. सुस्कारा ऐकू आला तर पुन्हा उघडायचं.

काळं झालेलं तेल कन्व्हर्टरमध्ये आणि कुलरमध्येही अडकून राहतं. कन्व्हर्टर रीबिल्ड करून घेतला, कुलर बदलला. कुलरसमोरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीचा थर घट्ट बसला होता, हवा जाणार कुठून? कन्व्हर्टर परत बसवताना फिरवत आत ढकलायचा, तो टप्प्याटप्प्यानं खाली उतरतो. पूर्ण न बसवता बोल्ट आवळले तर पंप फुटतो आणि सगळं काम पाण्यात. हाउसिंगच्या कडेपासून खोली मोजल्याशिवाय पाना उचलू नये.

कोरड्या बॉक्सला सात लिटरच्या आसपास तेल लागतं. नुसता ड्रेन केला तर जेमतेम निम्मं निघतं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच, ‘सगळ्याला चालतं’ म्हणून मिळणारी बाटली नको. लेव्हल पुन्हा पहाटे. शेवटी स्कॅनरनं जुनं अ‍ॅडॅप्टेशन (कंप्युटरनं शिकून ठेवलेली सेटिंग) पुसलं, कारण कंप्युटर झिजलेल्या क्लचला सवयीनं जास्त प्रेशर देत असतो आणि त्याच प्रेशरनं नव्या क्लचला धक्के बसतात. नंतर हलक्या पायानं पहिल्या ते सहाव्यापर्यंत नेऊन थांबवायची, असं रिकाम्या रस्त्यावर गिअर मऊ पडेपर्यंत. या चालवण्यात पाय दाबू नये. नंतर अ‍ॅक्सल सीलखाली कोरडा पुठ्ठा टाकून रात्रभर गळती बघितली. ‘आयुष्यभराचं तेल’ या शब्दावर आपल्या उन्हात माझा विश्वास नाही. पुढचा बदल ५० हजार किलोमीटरच्या आत ठरवला आहे, तोही हिवाळ्यात.