शिक्का खरा, लाकूड ओलं

2024 च्या जुलैमध्ये चाकणच्या एका कारखान्यातून हॅम्बुर्गला जाणाऱ्या गिअरबॉक्सचं पॅकिंग आमच्याकडे होतं. वजन नऊ टन. हेवी पॅकिंगमध्ये नऊ टनाचं कौतुक नाही, अडचण वेळेची होती. डिझाइन लांबलं, मशिनिंग लांबलं, टेस्टिंग लांबलं. जहाजाचा गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, मात्र जागचा हलला नाही. सगळ्यांचा उशीर शेवटी पॅकिंगवाल्याच्या हिश्श्यातून वजा होतो आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत जायला हवा होता, आणि गिअरबॉक्स अजून शॉप फ्लोअरवर उघडाच.

दहाच्या सुमारास लाकडाचा टेम्पो आला. मेस्त्रींनी शाफ्टखाली द्यायच्या ठोकळ्यावर करवत चालवली, भुसा मुठीत दाबला. त्याचा मुटका वळला.

"साहेब, हे लाकूड रडतंय अजून."

मीटर टोचला. 34 टक्के ओल. आम्ही 18 च्या वर घेत नाही.

डिस्पॅचच्या साहेबांनी ठोकळा फिरवून पाहिला. आयपीपीसीचं (वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) कणसाचं चिन्ह, शेजारी आयएन म्हणजे भारत, एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, सगळं स्वच्छ उमटलेलं. "शिक्का आहे ना? मग तिकडचं कस्टम्स कशाला अडवेल?"

कस्टम्स अडवणार नव्हतंच. आयएसपीएम-15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा हा शिक्का एवढंच सांगतो की लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटं किमान 56 अंश सेल्सिअसला तापवला होता, म्हणजे आतली कीड मेली. लाकूड वाळलं, असं तो कुठेच म्हणत नाही. अर्ध्या तासात जाड ठोकळा वाळत नाही, आणि पुढे पावसाळ्यात वखारीत उघड्यावर पडला तर विचारूच नका.

माझी काळजी गंजाची होती. गिअरबॉक्स ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सील करायचा, हवा ओढून घ्यायची, आत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवायचं, आणि शाफ्टचे ठोकळे त्या फॉइलच्या आतच राहणार होते. 40 किलो लाकूड 34 वरून 15 टक्क्यांवर येताना साडेपाच किलोच्या आसपास पाणी सोडतं. सिलिका जेलचं एक युनिट 23 अंश तापमान आणि 40 टक्के आर्द्रतेला साधारण 6 ग्रॅम पाणी धरतं. नुसत्या ठोकळ्यांसाठी नऊशेवर युनिटं! त्यात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाज सुएझने न जाता केप ऑफ गुड होपला वळसा घालणार होतं. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, प्रवास दीड-दोन आठवड्यांनी वाढलेला. दिवसा कंटेनरचा पत्रा तापतो, रात्री निवतो, आणि भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं छताला आतून पाणी सुटतं. फॉइल म्हणूनच घालतात, पण ओल फॉइलच्या आतच असेल तर तिचा काय उपयोग?

वखारवाल्याला फोन केला. कोरडा माल परवा मिळेल म्हणाला. परवा जहाज निघालेलं असणार.

मेस्त्री बिडी कानावर खोचून गिअरबॉक्सभोवती फिरत होते. म्हणाले, "आत लाकूड हवंच कशाला? लोखंडी व्ही-ब्लॉक करू. वर रबर." म्हणजे वर व्ही आकाराची खाच असलेले ठोकळे, शाफ्ट त्या खाचेत बसतो.

फॅब्रिकेशन शॉप पन्नास पावलांवर. तिथल्या फोरमनचा पहिला प्रश्न, "जॉब कार्ड कुठलं?" म्हणजे कामाचा लेखी आदेश. डिस्पॅचचे साहेब, जे सकाळी माझ्याशी वाद घालत होते, तेच आता त्याच्याशी भांडले. श्रेय त्यांचं. चार वाजता ब्लॉक तयार झाले, रंग वाळायला दोन तास गेले. खालचं स्किड, म्हणजे लाकडी बैठक, आधीच्या कोरड्या लॉटचं होतं आणि फॉइलच्या बाहेर, म्हणून तो प्रश्न मिटलेला. बोल्ट फॉइलमधून आरपार जातात तिथे दोन्हीकडून रबरी वॉशर बसवले. सीलिंग करताना लाइट गेली, चाकणला जाते तशी.

पेटी 2.40 मीटर उंचीची, म्हणून हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा, कंटेनर; साध्याचं दार 2.28 मीटरच असतं. लॅशिंगला, म्हणजे पेटी कंटेनरात पट्ट्यांनी आवळायला, मी घाई करू दिली नाही. खवळलेल्या समुद्रात आडवा जोर वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत धरतात, म्हणजे इथे सात टनांच्या वर. मुलं पेंगुळली होती, तरी प्रत्येक पट्टा पुन्हा ताणून पाहिला. पहाटे कंटेनरला ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लागलं, काट्यावर वजन झालं. 2016 पासून व्हीजीएमशिवाय, म्हणजे तपासलेल्या एकूण वजनाच्या नोंदीशिवाय, कंटेनर जहाजावर चढत नाही. खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर तीन तास अडकला. फॉर्म-13, म्हणजे बंदराच्या गेटातून आत जायचा परवाना, तयार होता, कट-ऑफच्या आधी गाडी गेटातून आत गेली.

हॅम्बुर्गहून फोटो आले, तेव्हा फॉइलमधल्या आर्द्रतेच्या कार्डावरचे ठिपके निळेच होते, म्हणजे आत कोरडं होतं. त्यांनी व्ही-ब्लॉकचं ड्रॉइंग मागवलं. ड्रॉइंग नव्हतंच, मेस्त्रींनी खडूने फरशीवर काढलं होतं. मग आठवणीनं करून पाठवलं. त्या ब्लॉकचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, यावर कारखान्याच्या अकाउंट्सकडून मला अजून मेल येतात.