पानांमधली जागा

शाळेचं नाव काढलं की मला आधी चित्रकलेचा तास आठवतो. इंटरमीजिएटच्या तयारीला बाई आम्हाला मैदानाकडच्या बदामाखाली बसवायच्या आणि म्हणायच्या, "पान नंतर काढा. आधी दोन पानांच्या मधे आभाळ किती दिसतंय ते बघा." स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळं त्यांनी घोटून घेतलं, पण पक्कं बसलं ते हे.

आता नोकरीमुळे मी वॉशिंग्टनजवळ राहते. इथल्या स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला संग्रहालयात आल्मा थॉमस यांची चित्रं आहेत. त्याही शाळेत चित्रकला शिकवायच्या. जन्म १८९१ चा, जॉर्जियातला. १९२४ मध्ये त्या हॉवर्ड विद्यापीठाच्या कला विभागाच्या पहिल्या पदवीधर झाल्या आणि मग १९६० पर्यंत शॉ ज्युनिअर हायस्कूलमध्ये शिकवत राहिल्या. १९५४ पर्यंत इथे काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. आपल्या मुलांना चांगली चित्रं बघायला मिळावीत म्हणून बाईंनी १९३८ मध्ये शाळेतच कलादालन उभं केलं, त्यांच्याकडून कळसूत्री बाहुल्यांचे खेळही बसवून घेतले.

निवृत्तीनंतर संधिवाताने हात आखडले होते. तेवढ्यात हॉवर्डने १९६६ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यासाठी आजवर केलं नाही असं काहीतरी करायचं त्यांनी मनावर घेतलं. विषय घरातच सापडला: खिडकीबाहेरचं हॉलीचं झाड आणि त्याच्या पानांतून आत येणारा उजेड.

त्यांची चित्रं जवळून बघावीत. अॅक्रिलिकचे आखूड फटकारे, एकाखाली एक, उभ्या पट्ट्यांत नाहीतर वर्तुळात. मधेमधे कोरी पांढरी जागा, कुठे खालची पेन्सिलची रेघ तशीच. १९७० च्या 'ग्रहण'मध्ये गडद गोल मधोमध नाही, एका बाजूला आहे, आणि त्याच्याभोवती रंगांची कडी पसरत जातात. लाल अझेलिया फुलांचं १९७६ चं चित्र तर तीन भागांचं, सुमारे १३ फूट रुंद! त्याआधी १९७२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन झालं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री चित्रकार.

आयुष्य शिकवण्यात गेलं म्हणून चित्रं उशिरा आली, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. इतकी वर्षं मुलांना बघायला शिकवलं, ती नजरच त्या फटकाऱ्यांत उतरली आहे.

आमच्या बाई निवृत्त झाल्याचं मैत्रिणीकडून कळलं. आमच्या वह्या तपासता तपासता त्यांची स्वतःची चित्रं मागे पडली, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीला एक मनापासूनची विनंती. बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार कराच, पण सभागृहाची एक भिंतही त्यांच्या नव्या चित्रांसाठी राखून ठेवा आणि तसं त्यांना आत्ताच कळवा. रंग आणि कॅनव्हासचा खर्च आमची तुकडी करेल.