पेद्रीची मांडी

आज पुन्हा स्पेनचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर पेद्री याच्या २०२०-२१च्या हंगामाची बेरीज करून पाहिली. बार्सिलोनासाठी ५२ सामने, मग युरोमध्ये (युरोपीय देशांच्या स्पर्धेत) स्पेनचे सहाच्या सहा, त्यात तीन जादा वेळेपर्यंत ताणलेले. ६ जुलै २०२१ला इटलीविरुद्धची उपांत्य फेरी पेनल्टीवर हरले आणि २२ जुलैला हा सप्पोरोत टोकियो ऑलिंपिकच्या पहिल्या सामन्यात मैदानावर! मधे फक्त सोळा दिवस, त्यातच प्रवास. अंतिम सामना ७ ऑगस्टला, बार्सिलोनाचा लीगचा पहिला सामना १५ला. स्पेनचे इतर सामने धरून एकूण ७३. वय अठरा.

त्याच्या दोनच वर्षं आधी तो लास पाल्मास क्लबकडून स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत नुकता खेळू लागला होता.

त्याला कोणीच बाहेर का बसवलं नाही, हे समजण्यासारखं आहे. इटलीविरुद्ध १२० मिनिटांत ६६पैकी ६५ पास अचूक. असा पोरगा बाहेर काढायला कोणता प्रशिक्षक धजेल? स्ट्रायकर थकला की गोल हुकतात, सगळ्यांना दिसतं. मिडफिल्डरचा थकवा आधी मानेत दिसतो. ताजा असताना तो चेंडू यायच्या आधी दोन-तीनदा खांद्यावरून मागे पाहतो, अंग तिरकं ठेवतो आणि लांबच्या पायाने चेंडू घेऊन पुढे वळतो. शेवटच्या वीस मिनिटांत हे पाहणं कमी होतं. मग पहिला स्पर्श पायाखाली अडकतो, प्रतिस्पर्धी अंगावर येतो आणि सुटण्यासाठी उगाच एक झेप, एक ताण. पास तरीही पोचतो, म्हणून आकड्यांत काहीच दिसत नाही.

सप्टेंबर २०२१मध्ये मांडी गेली ती जानेवारीपर्यंत. एप्रिल २०२२मध्ये फ्रँकफुर्टविरुद्ध पुन्हा मांडी, आणि हंगाम तिथेच संपला. दुखापतीचं एकच कारण सांगता येत नाही हे मान्य. पण सुट्टीच नव्हती हे कसं विसरायचं?

अशा वेळी लोक 'जिममध्ये ताकद वाढवा' म्हणतात. अर्धवट सल्ला. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, बहुधा वेगात धावताना, ताणलेल्या अवस्थेत भार घेताना फाटतो. म्हणून त्याच अवस्थेत ताकद वाढवणारा नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला पाच-पाचचे दोन सेट, आठवड्यातून एकदा, मग हळूहळू वाढवायचं. बहुतेक पोरं कमरेत वाकतात आणि अर्ध्यावरून धपकन हातांवर पडतात. म्हणजे जिथे स्नायूवर खरा भार यायचा तोच टप्पा चुकतो. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तर हा व्यायाम नकोच, पहिल्या काही आठवड्यांत मांडी दोन दिवस चांगलीच ठणकते. ज्याचे आठवड्याला दोन सामने असतात त्याने तो सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी उरकावा, म्हणजे पुढच्या सामन्याआधी दुखणं ओसरायला जास्तीत जास्त वेळ मिळतो.