प्रसृत की प्रसूत?

निवडणुका आल्या की आमच्या डेस्कवर पत्रकांचा पाऊस पडतो. मी मुंबईतल्या एका दैनिकात मुद्रितशोधक आहे. 'पत्रक प्रसृत केले' हे शब्द दिसले की मी स्क्रीन मोठी करून बघते. ऋकार काय नि दीर्घ ऊकार काय, दोन्ही 'स'च्या पायाशीच लटकतात. रात्री पान सोडायच्या घाईत भलेभले फसतात. मग एखादा पक्ष निवेदन 'प्रसूत' करतो आणि आमचे मुख्य उपसंपादक लांबून विचारतात, "नॉर्मल की सीझर?"

'सृ' म्हणजे सरकणं, पुढे जाणं. प्रसार, संसार, अभिसारिका ही सगळी त्याच घरातली. 'सू' म्हणजे जन्म देणं, तिथून प्रसूती. एवढं डोक्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही. पण नव्या पोरांना सांगते, घोळ नको असेल तर सरळ 'पत्रक काढलं' लिहा. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच मुंबईत 'दर्पण' काढलं, असंच आपण म्हणतो ना? काही अडलं का?

अर्थात सगळीकडे 'काढलं' चालत नाही. शासन निर्णय निर्गमित होतो, पुस्तक प्रकाशित होतं, रेडिओवरचं बातमीपत्र प्रसारित होतं. अफवेला मात्र असला मान नाही. ती उठते, पसरते. कंड्या पिकतात, गुपित फुटतं. आमच्या सासूबाई गिरगावातल्या चाळीत वाढल्या. त्यांच्याकडे तर याचा खजिनाच आहे. शेजारणीने लेकाच्या नोकरीची बातमी चार ग्रुपवर टाकली तर तो 'डांगोरा', आणि तिच्याच घरातलं भांडण जिन्यापर्यंत ऐकू आलं तर 'बोभाटा'. डांगोरा माणूस हौसेने पिटतो, बोभाटा नको असताना होतो. हा फरक मला कुठल्याही कोशापेक्षा त्यांच्या तोंडून नीट कळला.

हल्ली या सगळ्यांच्या जागी एकच शब्द येतो, व्हायरल. व्हिडिओपुरता मी तो राहू देते. पण परवा एका बातमीत 'वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अंतर्गत परिपत्रक व्हायरल केले' असं आलं. मी 'काढले' केलं. वार्ताहराचा लगेच फोन, "मॅडम, का बदललंत?"

म्हटलं, "अरे, साहेबांनी ते नुसतं काढलंय. व्हायरल कोणी केलं, त्याचीच तर चौकशी लागलीय. तुझ्याच बातमीत खाली आहे बघ."